न बांधलेला घुमट

क्रिकेटवेड्या आपल्या देशात बेसबॉलचे कौतुक कोणाला? तरीही न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जे मैदान कधी उभेच राहिले नाही, त्याची हकीकत आपणही जाणून घ्यावी अशी आहे.

ब्रुकलिन डॉजर्स हा तेथील लाडका संघ. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू याच संघातून मैदानात उतरला. पण त्यांचे एबेट्स फील्ड १९१३ सालचे, जेमतेम बत्तीस हजार प्रेक्षकांचे. मोटारी ठेवायला जागा नाही. १९५५ मध्ये मालक वॉल्टर ओमॅली यांनी बकमिन्स्टर फुलर या कल्पक संशोधकाला गाठले. अटलांटिक आणि फ्लॅटबुश रस्त्यांच्या नाक्यावर, रेल्वेस्थानकालगत, भव्य घुमटाखालचे मैदान! पाऊस आला तरी खेळ थांबायचा नाही. बांधकामाचा खर्च मालकांचा. जागा मात्र सरकारने सक्तीने संपादन करून द्यावी, ही मागणी. त्यासाठी आधार कोणता, तर १९४९ चा गृहनिर्माण कायदा!

शहराचे सर्वाधिकारी म्हणावेत असे रॉबर्ट मोझेस यांनी नकार दिला. खाजगी संघाचे मैदान हे सार्वजनिक काम नव्हे, हे त्यांचे म्हणणे मला पटते. (हेच गृहस्थ रस्त्यांसाठी हजारोंची घरे पाडत होते, हा भाग वेगळा.) ब्रुकलिनकर आजही ओमॅलींना शिव्या घालतात. परंतु २४ सप्टेंबर १९५७ रोजी एबेट्स फील्डवर शेवटचा सामना झाला, तेव्हा प्रेक्षक होते अवघे ६,७०२! मग एवढे प्रेम त्या दिवशी कोठे गेले होते?

संघ लॉस एंजेलिसला गेला. तेथे चावेझ रॅव्हिन ही मेक्सिकन वंशाच्या गरिबांची वस्ती. सरकारी घरे बांधून देतो असे सांगून पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी बहुतेकांना उठवले. घरे झालीच नाहीत. ती जमीन डॉजर्सच्या पदरात पडली. मे १९५९ मध्ये उरलेल्या कुटुंबांना पोलिसांनी बाहेर काढले. एका बाईला तर उचलून नेले. १९६२ मध्ये तेथे मैदान सुरू झाले.

ब्रुकलिनच्या न झालेल्या घुमटावर पुस्तके निघतात, हळहळ व्यक्त होते. चावेझ रॅव्हिनची न झालेली घरे मात्र त्या हळहळीत क्वचितच मोजली जातात. आणि २०१२ साली ब्रुकलिनच्या त्याच नाक्यापाशी बास्केटबॉलचे बार्कलेज सेंटर उघडले, ते सक्तीच्या भूसंपादनाच्या बळावरच. मोझेस यांनी नाकारलेली गोष्ट २००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक हिताची ठरवली होती.