डोक्याचा मार आणि 'बुद्धीची गोळी'

शिरूर कासार तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. ट्रॉलीवरून किंवा मोटारसायकलवरून पडून एखाद्याच्या डोक्याला जबर मार बसतो. जीव वाचतो, पण सांगितलेले ध्यानात राहत नाही, एका कामावर मन ठरत नाही. मग घरची माणसे डॉक्टरांना विचारतात, "डोकं पहिल्यासारखं चालेल असं काही औषध आहे का?"

मारामुळे मेंदूतील तंतू ताणले जातात, काही तुटतात. उरलेल्या पेशी नवे दुवे जोडून हरवलेले काम थोडेथोडे उचलतात. या कामी मदत व्हावी म्हणून सिटिकोलीन नावाचे औषध आपल्याकडे पुष्कळदा लिहून दिले जाते. पेशींच्या आवरणाला लागणारा पदार्थ ते पुरवते, हा त्यामागील तर्क. तर्क देखणा खरा! पण अमेरिकेत १२१३ रुग्णांवर त्याची कसोटी झाली. निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली मात्रा ९० दिवस दिली. २०१२ साली निकाल जाहीर झाला: दोन्ही गटांत फरक नव्हता.

त्याच वर्षी अमँटाडिनचा निकाल आला. हे मूळचे फ्लूवरचे औषध. पुरती शुद्ध न आलेल्या १८४ रुग्णांत ते घेणारे चार आठवडे अधिक वेगाने सुधारले. औषध थांबल्यावर मात्र दोन आठवड्यांत दुसऱ्या गटाने त्यांना जवळजवळ गाठले. म्हणजे वेग वाढला, पल्ला वाढल्याचे दिसले नाही. शिवाय हे रुग्ण अत्यवस्थ होते. धडा विसरणाऱ्या मुलाला तो निष्कर्ष लावता येत नाही.

म्हणून, कर्ज काढून महिनोन्‌महिने अशा गोळ्या आणणे मला पटत नाही. 'आणखी कोणते औषध द्यावे' यापेक्षा 'यातले कोणते कमी करता येईल' हे डॉक्टरांना विचारावे. गुंगी आणणारी काही औषधे विचारशक्ती मंद करतात. फिट येऊ नये म्हणून दिलेली गोळी मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नये.

आणि शिक्षकहो, असा विद्यार्थी वर्गात परतला तर त्याला आरंभी अर्धा दिवसच बसवा. एका वेळी एकच सूचना द्या, तीही वहीत लिहून. शेजारच्या मित्राने त्याला रोज कालचा धडा विचारावा. यास औषधाच्या दुकानात जावे लागत नाही.