मोत्याची फाईल

परदेशी जाणाऱ्यांवर माझा राग नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण या विषयावर लिहायचं म्हणजे पहिल्या वाक्यात मायभूमी आणि तिसऱ्या वाक्यात डोळ्यांना पदर, अशी आमच्याकडे वहिवाट आहे. मला दोन्ही नको. अंथुर्ण्याचा पोरगा बारामतीला शिकला, पुण्यात नोकरीला लागला आणि आता लंडनला निघाला, तर खुशाल जाऊ दे! माझं भांडण आहे ते ‘बघू’ या शब्दाशी.

बी. कॉम. झालेल्या माणसाला ‘बघू’ कळत नाही. जमा कळते, नावे कळते, फार तर सस्पेन्स अकौंट कळतो. ज्या रकमेचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नसतं, ती तात्पुरती तिथं टाकायची असते. पण तिथली नोंदसुद्धा ऑडिटर फार दिवस राहू देत नाही. आमची शिकलीसवरलेली पोरं मात्र जन्मदात्यांना दहा-दहा वर्षं सस्पेन्समध्ये ठेवतात, आणि तपासायला कुणी येत नाही.

आता हेच बघा. माझा एक भाचा विलायतेला निघालाय. त्याची आई, म्हणजे आमची आक्का, वयानं मला आईसारखी आणि नात्यानं चुलत बहीण. भाचा, त्याची बायको, दोन मुलं आणि मोत्या, असा लवाजमा. मोत्या हा लॅब्राडोर आहे. पुण्यात त्याला ब्रुनो म्हणतात. पण आक्का त्याला मोत्याच म्हणते, आणि तोही त्या नावाला लवकर उठतो.

तर या मोत्याची फाईल मी पाहिली. आमच्या बँकेत पाच लाखांच्या कर्जाला एवढे कागद लागत नाहीत. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप. मग रेबीजची लस. मग ३० दिवस थांबून रक्त काढायचं, ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं, आणि निकाल चांगला आला तरी रक्त काढल्यापासून ३ महिने वाट पाहायची. मुंबईला सरकारी दाखला. जंताचं औषध तिथं पोचण्याआधी २४ तासांहून उशिरा नाही आणि १२० तासांहून लवकर नाही. एवढं होऊन मोत्या आपल्या माणसांशेजारी बसणार नाहीच. तो रीतसर मालाच्या भाड्यानं, कार्गोतून जाणार. भाच्यानं सगळं तारीखवार लावून ठेवलंय. मुलांची फाईल त्याच तोडीची. आरोग्य अधिभाराचाही हिशेब केलाय: फेब्रुवारी २०२४ च्या दरानं मोठ्याला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६, चौघांचे वर्षाचे ३,६२२. तेही व्हिसा जितक्या वर्षांचा, तितक्या वर्षांचे आगाऊ.

मी विचारलं, “आणि आक्का-दाजींची फाईल?”

“त्यांचं बघू, मामा. एकदा सेटल झालो की घेऊन जाऊ.”

काय बघणार? बघण्यासारखं जे आहे, ते छापून ठेवलेलं आहे. ब्रिटनमध्ये नोकरीच्या व्हिसावर जाणाऱ्याला बायको नेता येते, अठरा वर्षांखालची मुलं नेता येतात. आईबाप त्या यादीत नाहीत. जुलै २०१२ पासूनचा नियम असा की मुलगा तिथला नागरिक किंवा कायमचा रहिवासी हवा. आईला वयानं, आजारानं किंवा अपंगत्वानं रोजची कामंही दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमत नसली पाहिजेत. आणि मुलानं पैसे पाठवूनसुद्धा इथं तशी मदत मिळत नाही, असं सिद्ध झालं पाहिजे. म्हणजे गंमत पाहा: मुलगा जितका जास्त कमावणार, तितकी आई नापास! तोवर पाहुणी म्हणून जायचं, एका खेपेला फार तर सहा महिने. आमची आक्का या वयात विहिरीचं पाणी शेंदते. ती या परीक्षेला बसूच शकत नाही.

इतर देशही काही ओसरी झाडून बसलेले नाहीत. अमेरिकेत मुलगा नागरिक होईपर्यंत आईबापांना पाहुण्याचाच पाट. ऑस्ट्रेलियात आईबापांच्या साध्या अर्जाची रांग तीस वर्षांच्या आसपासची. सत्तरीत अर्ज केला तर शंभरीत बोलावणं. त्यातल्या त्यात कॅनडा बरा: २०११ पासून आजी-आजोबांसाठी सुपर व्हिसा आहे आणि आता एका खेपेला पाच वर्षं राहता येतं.

हे सगळं भाच्याला ठाऊक नाही? मोत्याच्या जंताच्या औषधाचे तास ज्याला पाठ आहेत, त्याला? ठाऊक आहे. म्हणूनच तो ‘नाही’ म्हणत नाही, ‘बघू’ म्हणतो.

आणि या ‘बघू’चं व्याज कोण भरतं? अंथुर्ण्यातलं घर पावसाळ्यात गळतं, पण पत्रे बदलायचे नाहीत, कारण “आता काय, जायचंच आहे.” गाय विकली. एक एकर ऊस खंडानं देऊन टाकला. कालव्याच्या पाण्याच्या पाळीला रात्री कोण उठणार, आणि जाताना अडकून कशाला पडा! दाजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन थांबलंय. ते म्हणे तिकडं चांगलं करतात. दोन जिवंत माणसं आपल्याच घरात स्टँडवर बसल्यासारखी बसून आहेत, आणि ज्या एस.टी.ची वाट पाहताहेत ती डेपोतून सुटलेलीच नाही.

यावर एक ठरलेला बचाव असतो: “खरं सांगून म्हाताऱ्यांचं मन कशाला मोडायचं?” काय हो हे मन! आक्कानं १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडलीय. तिला तुमचं ‘नाही’ पेलणार नाही, असं वाटतं? आणि तिला यायचंय का, हे तरी कुणी विचारलंय? कदाचित ती म्हणेल, मला नाही यायचं बाबा, मोत्याला तेवढा इथं ठेवा.

दिवाळी झाली की आमच्या भागातले मेंढपाळ वाडा घेऊन कोकणाकडे निघतात. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, त्यांच्याशेजारी बांधून बसवलेलं पोर, मागं मेंढरं आणि कुत्री. फाईल एकही नाही. पण कुठली म्हातारी वाड्याबरोबर चालणार आणि कुठली मागं राहून शाळेतली नातवंडं सांभाळणार, हे घोड्यावर ओझं चढवायच्या आधी ठरलेलं असतं. तिथं ‘बघू’ म्हणून भागत नाही. मेंढरं थांबत नाहीत.

भाच्याला मी काउंटरवरच्या माणसाच्या अधिकारानं एवढंच सांगितलंय. तू गेलास की तुझं साधं खातं एन.आर.ओ. होईल. त्यात आईचं दुसरं नाव असलं तर ते ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ चालतं; म्हणजे तू हयात आहेस तोवर सही तुझीच, आणि आक्का पासबुक घेऊन नुसती उभी. तेव्हा तिच्या नावाचं खातं वेगळं काढ, पहिलं नाव तिचं ठेव, तुझं दुसरं, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’. दाजींना पेन्शन आहे, दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला लागतो. त्यांना बँकेत कोण आणणार त्याचं नाव लिहून दे. रात्री-अपरात्री दवाखान्यात कोण नेणार, त्याचंही. वर्षातून कधी येणार, ती तारीख टाक. आणि कागदाच्या माथ्यावर स्वच्छ अक्षरात लिही की तुम्हाला तिकडे नेता येणार नाही.

तो म्हणाला, “बघू, मामा.”

मग मीच आक्काकडे गेलो आणि सगळे नियम तिला मराठीत सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली. नंतर तिनं विचारलं, पत्र्यांचा भाव सध्या काय आहे?