रात्री फिल्टर बंद करू नका, त्याचा आवाज बंद करा

ज्यांच्या घरात माशांची टाकी आहे, त्या युसूफ वडगावातल्या आणि पंचक्रोशीतल्या सगळ्यांना एक कळकळीची विनंती आहे. फिल्टरची घरघर झोपू देत नाही म्हणून रात्री त्याचं बटण बंद करू नका. आवाज घालवता येतो, आणि तोही बहुतेक वेळा घरातल्याच वस्तूंनी, फार तर शंभरेक रुपयांत.

अडचण खरी आहे. गावाकडच्या घरात टाकीसाठी वेगळी खोली कुठून असणार? टीव्ही असतो तिथेच टाकी, आणि अंथरुणंही तिथेच पडतात. घरात म्हातारं माणूस असतं, तान्हं लेकरू असतं, पहाटे उठून पिकाला पाणी द्यायला जाणारं कुणी असतं. हात बटणाकडे जाणारच. पण माशांना धोका सगळ्यात जास्त असतो तो पहाटेच्या वेळी. टाकीत झाडं असतील तर दिवसा उजेडात ती प्राणवायू सोडतात, रात्री मात्र माशांच्या बरोबरीने तीही तो वापरतात. त्यात आपला उन्हाळा. २० अंशांच्या लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. पाणी हलतं राहिलं तरच वरून हवा मिसळत राहते.

दुसरं कारण डोळ्यांना दिसत नाही. फिल्टरच्या स्पंजात उपयोगी जिवाणू वस्तीला असतात. माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाद्यातून निघणारा विषारी अमोनिया ते आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये बदलतात. त्यांनाही वाहतं, हवेशीर पाणी लागतं. रात्रभर मोटर बंद राहिली की ते गुदमरतात, आणि सकाळी बटण दाबलं की साचलेली घाण टाकीत उतरते.

म्हणून आवाजाचं मूळ शोधायचं. पण कामाला लागण्याआधी प्लग काढा. टाकीतल्या प्रत्येक विजेच्या वस्तूचा प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही, आणि हे लेकरांनाही बजावून ठेवा.

सगळ्यात आधी पाण्याची पातळी बघा. आपल्याकडे चैत्र-वैशाखात टाकीतलं पाणी बघता बघता उडून जातं. पातळी खाली गेली की फिल्टरची धार उंचावरून पडून खळखळ वाढते, नाहीतर मोटर पाण्याबरोबर हवाही ओढते आणि गुरगुरते. पाणी भरलं की असा आवाज तिथल्या तिथे थांबतो. काचेवर रंगीत चिकटपट्टीची एक खूण करून ठेवा, म्हणजे घरातल्या कुणालाही पाणी कुठवर हवं ते कळेल. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकलेली असते, म्हणून भरायचं पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मगच ओता.

लाईट जाऊन आल्यावर आवाज सुरू होत असेल, तर बहुधा मोटरीत हवा अडकलेली असते. प्लग काढा, फिल्टर पाण्यातच थोडा तिरका करून बुडबुडे निघू द्या, पुन्हा चालू करा. सुरू होताना एकदोन क्षण खटखट झाली तर घाबरू नका. या छोट्या मोटरीचा पंखा कधी डावीकडे तर कधी उजवीकडे फिरायला लागतो आणि सुरुवातीला अडखळतो.

आपल्या भागात खरा उपद्रव करतात ते पाण्यातले क्षार. काळ्या पाषाणात खोल खोदलेल्या बोअरचं पाणी जड असतं. नळाच्या तोटीवर, हिटरच्या कांडीवर जो पांढरा थर बसतो, तोच फिल्टरच्या पोटातही बसतो. फिल्टर उघडून बघा. खालची जाळी काढली की एक छोटं झाकण लागतं. ते फिरवलं किंवा ओढलं की आतून पंखा बाहेर येतो. हे बोटाच्या पेराएवढं काळं लोहचुंबक असतं, त्याच्या टोकाला पाती आणि मधून बारीक दांडी. पंखा बोटांनी फिरवून बघा. चुंबकावर खरखरीत पांढरट पापुद्रा लागेल, दांडीला केस किंवा शेवाळाचे तंतू गुंडाळलेले असतील, क्वचित वाळूचा एखादा कण अडकलेला असेल. घरघर होते ती यांचीच. वाटीत किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर घ्या, नसेल तर लिंबाचा रस, आणि पंखा त्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा. बारीक फेस येईल, तो क्षार विरघळत असल्याचा. मग जुन्या टूथब्रशने घासा, पंखा बसतो ते भोक कापसाच्या काडीने आतून पुसा, सगळं साध्या पाण्याने नीट धुऊन परत बसवा. दांडी चिनी मातीची असेल तर जपून, वाकवायला गेलात की कट्कन मोडते.

दोन गोष्टी मात्र करू नका. आवाज जावा म्हणून तेल, ग्रीस, शिवणयंत्राचं तेल आत सोडू नका, ते सरळ माशांच्या कल्ल्यांत जातं. आणि स्पंज नळाखाली धरून लख्ख करू नका. टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यात तो दोनदा पिळा, बस्स. नळाच्या क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात. स्पंजाला व्हिनेगरही लागू देऊ नका.

याच कामासाठी काहीजण अख्खी टाकी रिकामी करतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. धनेगावचं मांजरा धरण आपल्या केज तालुक्यातलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये ते आटलेलं असताना लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आपण डोळ्यांनी बघितलंय. पंखा साफ करायला टाकीतलं पाणी बदलावं लागत नाही. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलता तेवढं पुरे, आणि ते काढलेलं पाणी तुळशीला, कढीपत्त्याला घाला. नायट्रेटमुळे ते झाडांना मानवतं.

पंखा स्वच्छ करूनही आवाज येत असेल तर तो बहुधा मोटरीचा नसून थरथरीचा असतो. फिल्टर काचेला चिकटवून धरणारे रबरी चोखण जुने झाले की कडक पडतात आणि मोटरीची थरथर काचेला देतात. गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवले तर बरेचदा मऊ होतात, नाहीतर नवे स्वस्तात मिळतात. हवेच्या मोटरीचं तर कामच थरथरण्याचं आहे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, आणि त्या तालावर आतलं रबर पुढे-मागे हलून हवा ढकलतं. ही मोटर लोखंडी कपाटावर किंवा प्लायवूडच्या शोकेसवर ठेवली की खालची पोकळी ढोलकीसारखी घुमते. तुटक्या स्लीपरचा तळवा कापून मोटरीखाली घाला, किंवा पंक्चरच्या दुकानातून सायकलची फाटकी ट्यूब आणून तिच्या घड्या ठेवा. त्याहून उत्तम म्हणजे मोटर दोरीने खिळ्याला अशी टांगा, की ती भिंतीला टेकणार नाही. आवाजातला फरक तिथल्या तिथे कळतो. टांगताना ती टाकीतल्या पाण्याच्या वर राहील असं बघा, नाहीतर लाईट गेल्यावर पाणी नळीतून उलटं मोटरीत येतं. मोटर खालीच ठेवायची असेल तर नळीत पाणी उलटं न येऊ देणारा छोटा व्हॉल्व्ह बसवा. टाकीत बुडबुडे सोडणारा दगड तुंबला असेल तरी मोटर कण्हते, तो बदलायचा. आणि कोणतीही मोटर फडक्यात गुंडाळू नका, ती तापून जळते.

फक्त इन्व्हर्टरवर असतानाच मोटर गुणगुणत असेल तर तिच्यात बिघाड शोधू नका. स्वस्तातले स्क्वेअर वेव्हचे इन्व्हर्टर जी वीज देतात, तिच्यावर अशा मोटरी आवाज करतात आणि तापतातही. ज्यांच्याकडे वीज तासन्तास जाते, त्यांनी बॅटरीवर चालणारी हवेची छोटी मोटर घेऊन ठेवावी.

एवढ्यानेही भागलं नाही, दांडीचं भोक झिजून मोठं झालं असेल, तर दुकानात आधी सुटा पंखा मागा, बऱ्याच फिल्टरांना तो वेगळा मिळतो. हिवताप विभाग डास मारायला विहिरीत सोडतो तसले चार-दोन गप्पी मासेच पाळले असतील, तर मोटरवाला फिल्टर लागतही नाही. हवेच्या मोटरीवर चालणारा साधा स्पंजचा फिल्टर पुरतो आणि खर्चही थोडका. फिल्टर नवा घेतलात तरी जुन्याचा स्पंज उकिरड्यावर टाकू नका. तो नव्या फिल्टरशेजारी महिनाभर टाकीतच राहू द्या, म्हणजे त्यातले जिवाणू नव्या स्पंजात वस्ती करतील आणि तोवर पाणीही बिघडणार नाही.