तुमचे जुने शर्ट तुमच्याकडेच ठेवा

सरकारचे जावई. कॉलेजात पाय टाकल्यापासून हे दोन शब्द ऐकतोय. कँटीनमध्ये ऐकतो, स्टाफरूमच्या दाराशी ऐकतो, मेरिट लिस्ट लागते त्या दिवशी तर कोरसमध्ये ऐकतो. पहिल्या वर्षी राग यायचा. आता हिशोब सुचतो. जावयाला काहीतरी मान असतो राव. जावयाला सासरा दीड-दीड तास खिडकीबाहेर उभा करत नाही. जावयाकडे उत्पन्नाचा दाखला मागत नाही. आणि ‘सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी या’ असं दिवाळसणाला आलेल्या कुठल्या जावयाला सांगितल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

तर हे जावईपण किती रुपयांचं, ते एकदा मांडूनच टाकू. साध्या बी.ए.ला शिकणाऱ्या, घरून ये-जा करणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत फीशिवाय जो निर्वाहभत्ता मिळतो, त्याचा २०२१ साली ठरलेला दर आहे वर्षाला ३,००० रुपये. होस्टेलवाल्याला ६,०००. तेसुद्धा घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखाच्या आत असेल तर. तीन हजाराला तीनशे पासष्टनी भागा. दिवसाला आठ रुपये आणि वर थोडे पैसे. एवढ्यात मुंबईत धड वडापाव येत नाही. या आठ रुपयांवर आमच्या वर्गातल्या अर्ध्या पोरांची झोप उडालीय, त्यांच्या बापांची तर कधीचीच उडालीय.

बरं, हे आठ रुपये तरी वेळेवर येतात काय? अर्ज महाडीबीटीवर, ऑनलाईन. ओटीपी मोबाईलवर. बँकेचं खातं आधारला जोडलेलं पाहिजे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मागची मार्कशीट, सगळं स्कॅन करून चढवा. एक कागद तिरका चढला की अर्ज परत. सगळं सरळ चढलं तर तो अर्ज कॉलेजातल्या कारकुनाच्या लॉगिनमध्ये जाऊन बसतो, गणपती बसतात तसा. फरक एवढाच की गणपतीला विसर्जनाची तारीख असते. २०२१ पासून केंद्राचा साठ टक्के हिस्सा आणि राज्याचा चाळीस टक्के हिस्सा असा कारभार झाला. केंद्राचा हिस्सा थेट पोराच्या खात्यात. ऐकायला झकास. प्रत्यक्षात पैसे येईतो कॉलेज पोराच्या मानेवर बसतं. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्यांकडून प्रवेशाच्या वेळी फी उकळू नका, असे आदेश सरकार वर्षानुवर्षे काढतंय. ते आदेश कुठे लावतात देव जाणे. मी ज्या कॉलेजात शिकतो तिथं गेल्या सेमिस्टरला आमच्यातल्या सात जणांची हॉल तिकिटं ‘फी बाकी’ म्हणून पेपरच्या आदल्या संध्याकाळपर्यंत ड्रॉवरमध्ये कोंडून ठेवली होती. सातातली एक पोरगी बदलापूरहून येते. ती त्या दिवशी अभ्यास करत नव्हती, बाकड्यावर बसून ड्रॉवरकडे बघत होती.

आता गंमत पुढे आहे. ही खिडकी ज्या कॉरिडॉरमध्ये आहे, त्याच कॉरिडॉरमध्ये ऑक्टोबरात एक भलंमोठं पुठ्ठ्याचं खोकं येऊन बसलं. सोनेरी कागद लावलेलं. ‘दान सप्ताह. जुने पण वापरण्याजोगे कपडे येथे टाका.’ दोन दिवसांत खोकं भरलं. शर्ट, जीन्स, शाळेचे युनिफॉर्म, एक तर चक्क स्विमिंग कॉस्च्युम. तिसऱ्या दिवशी समितीची दोन पोरं माझ्याकडे आली. चांगली पोरं आहेत, मी त्यांना वाईट म्हणत नाही. म्हणाली, वाटप तुमच्या बाजूच्या वस्तीतच ठेवलंय, तू तिथलाच ना, गरजू लोकांची यादी करून दे. आणि थोडा वेळ थांब, फोटोला.

म्हणजे बघा. माझी हक्काची फी ड्रॉवरमध्ये आणि माझ्या गल्लीतल्या माणसांची यादी मी करायची, तुमच्या अंगाला जे घट्ट झालं ते त्यांच्या अंगावर चढवायला. मी नाही म्हणालो. त्यांना कळलंच नाही नाही का म्हणतोय. एकजण म्हणाला, अरे इगो कशाला? पोटाला इगो नसतो.

इगो नाही गड्या. आठवण आहे.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढून बघ. सेवा करणाऱ्या शूद्राला काय द्यावं याची तिथं यादी आहे: उष्टं अन्न, जुनी वस्त्रं, धान्याचं फोल, जुनं सामानसुमान. त्याच अध्यायात चांडाळाने मढ्यावरची वस्त्रं नेसावीत असं लिहिलंय. हे नुसतं पोथीत राहिलं असतं तर आम्ही तिला वाळवीच्या हवाली केलं असतं. पण ते गावोगाव पाळलं गेलं. महारकीत मढ्यावरचं कापड हा ‘हक्क’ होता. येसकराने दारोदार फिरून गोळा केलेली शिळी भाकर हाही ‘हक्क’ होता. बावन्न हक्कांची बढाई आमच्याच माणसांच्या तोंडी बसवून ठेवली होती साल्यांनी! २५ डिसेंबर १९२७ ला महाडात ती पोथी जाळली ती काय थंडी होती म्हणून नव्हे. बाबासाहेब महार वतनाच्या मागे हात धुऊन लागले. ते गेल्यावर १९५८ च्या कायद्याने ती वतनं मुंबई राज्यातून गेली. माझ्या आज्याने गाव सोडला तेव्हा अंगावर स्वतःच्या पैशाचं धोतर होतं, हे तो मरेपर्यंत सांगायचा. आम्ही हसायचो. आता नाही हसत.

माझी आई दोन घरी झाडू-फरशी करते. एका घरची बाई दिवाळीला बोनसच्या जागी जुनी साडी देते, वर म्हणते, एकदाच नेसलेली आहे. आई घेते. मी घेणाऱ्याला शिव्या देणार नाही, माझी आईच घेते. पण ती साडी तिने आजवर अंगाला लावलेली नाही. बोहारीण आली की साडी देते आणि भांडं घेते. आमच्या मांडणीवरचं मोठं स्टीलचं पातेलं असंच आलंय. आई त्याला ‘बोनस’ म्हणते. आमच्या घरातल्या अर्थशास्त्राचा हा पहिला धडा. विद्यापीठाच्या पुस्तकात तो नाही.

मग खरेदीचं बघा. कॉलेजातला निम्मा वेळ कशात जातो? काय घेतलं, कुठून घेतलं, केवढ्याला घेतलं. यात आमच्यावर जी नजर असते ती दुसऱ्या कुणावर नसते. आझाद मैदानाला लागून असलेल्या फॅशन स्ट्रीटवर सगळेच जातात. साडेतीनशेचा शर्ट दोनशेला पाडून सगळेच घेतात. पण मी नवे बूट घालून वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून आवाज येतो, स्कॉलरशिप आली वाटतं! बूट माझ्या सुट्टीतल्या मजुरीचे. कुरिअरच्या गोदामात दीड महिना खोकी उचललीत. ते सांगायचं कशाला? कुणाला हिशोब देणं लागतो मी? मोबाईल हातात दिसला की, एवढा फोन आहे मग कसली गरिबी. अरे भल्या माणसा, फोनशिवाय तुझ्या सरकारच्या अर्जाचा ओटीपी काय कबुतर घेऊन येणार? फोन नसेल तर मी पात्र असून उपयोग नाही, फोन असेल तर मी गरीब नाही.

आणि तिकडे नवी टूम निघालीय, थ्रिफ्ट. म्हणजे दुसऱ्याचे वापरलेले कपडे. साऊथ बॉम्बेची पोरगी कुणाचा तरी जुना ढगळ शर्ट घालून आली की स्टाईल. गुडघ्यावर फाटलेली पँट असली की आणखी स्टाईल. इस्त्री केलेला कोरा शर्ट घालून मी आलो की माज. तिला जुनं घालणं परवडतं, कारण ते तिने निवडलंय. तिच्या सात पिढ्यांत कुणावर मढ्यावरचं कापड नेसायची सक्ती नव्हती. बाबासाहेबांच्या पुतळ्याला कोट, टाय, खिशाला पेन का असतं, हे ज्यांना कळत नाही त्यांनी एकदा गावात आमच्या नवरदेवाची वरात घोड्यावरून काढून बघावी. फोनचं म्हणाल तर २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत नर्सिंग शिकणाऱ्या आमच्या एका पोराला मोबाईलवर बाबासाहेबांचं गाणं वाजलं एवढ्यावरून मारून टाकलं. आमच्या हातात काय असावं, अंगावर काय असावं आणि त्यातून कुठला आवाज यावा, हे ठरवायची खाज जुनी आहे. कॉलेजात ती फक्त इंग्रजीत बोलते.

आता आपल्याच लोकांना दोन शब्द. चौदा एप्रिलला वह्यांचं वाटप होतं, स्टेजवर पोराला उभं करतात, वहीचं एक टोक पोराच्या हातात, दुसरं साहेबांच्या हातात, आणि फोटोग्राफर ‘जरा इकडे’ म्हणेपर्यंत साहेब वही सोडत नाहीत. बॅनरवर साहेबांचं थोबाड बाबासाहेबांपेक्षा मोठं. हे निळं खोकं आणि ते सोनेरी खोकं, मला तरी फरक दिसत नाही. फरक बघायचा असेल तर सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात या. विदर्भातून, मराठवाड्यातून रात्रभर गाडीत उभं राहून आलेली बाई हार-मेणबत्तीऐवजी एक वही, एक पेन ठेवून जाते. नाव सांगत नाही. मग स्टॉलवर जाते, कनवटीचे पैसे मोजून पुस्तक घेते, स्वतःला वाचता येत नसलं तरी नातीसाठी घेते. तिची वही मी डोळे झाकून घेईन. ती मला यादी करायला सांगत नाही.

शिष्यवृत्ती ही कुणाच्या दयेची चीज नाही, याचा इतिहास तरी पाठ करा. १९१३ साली बडोद्याच्या महाराजांनी भीमराव आंबेडकर नावाच्या पोराला परदेशी शिकायला पैसे दिले, तेव्हा करार झाला होता: परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी. म्हणजे देणंघेणं चोख. त्या पैशात पोटाला चिमटा काढून त्या पोराने न्यूयॉर्कात जुनी पुस्तकं खरेदी केली. तीही जुनीच, पण स्वतः निवडलेली. परत येऊन १९१७ साली बडोद्यात नोकरीवर हजर झाले तर शहरात राहायला खोली मिळेना, पारशाच्या वसतिगृहातून लाठ्याकाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. करार आमच्याकडून मोडला नव्हता. पुढे १९४२ मध्ये व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून बसल्यावर त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचं निवेदन सरकारपुढे ठेवलं, त्यात शिक्षणाचा पैसा मागितला. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. निवेदन देऊन, हिशोब मांडून घेतलेली ही गोष्ट आहे. खोक्यातून उचललेली नाही.

आणि ती थकवली की काय होतं तेही माहीत आहे आपल्याला. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुलाची फेलोशिप महिनोनमहिने थकलेली होती. जानेवारी २०१६ मध्ये तो गेला. २०२३ मध्ये बार्टीच्या फेलोशिपसाठी पीएच.डी. करणारी आमची पोरं-पोरी लायब्ररी सोडून आझाद मैदानात उपोषणाला, धरण्याला बसली होती. संशोधन करायच्या वयात सतरंज्या अंथरत होती. मैदानाच्या पलीकडे फॅशन स्ट्रीट नेहमीसारखाच चालू होता.

म्हणून आम्ही प्राचार्यांना एक अर्ज दिलाय. त्यात भाषण नाही. तीन गोष्टी मागितल्यात. कॉलेजच्या लॉगिनमध्ये किती अर्ज, किती दिवस पडून आहेत, त्याची यादी दर सोमवारी नोटीस बोर्डावर लावा. शिष्यवृत्ती थकली म्हणून कुणाचं हॉल तिकीट, कुणाचा निकाल अडवणार नाही, हे लेखी द्या. आणि जो कागद चुकला असेल तो अर्ज परत पाठवायच्या आधी पोराला बोलावून दाखवा. वर शेवटी एक ओळ: खोकं ठेवायचं असेल तर ठेवा, पण शिष्यवृत्तीच्या खिडकीसमोर नको, रांगेला उभं राहायला जागा लागते.

बावीस सह्या झाल्यात. त्यातल्या चार खोक्याच्या समितीतल्या पोरांच्या आहेत, हेही नोंदवून ठेवतो. आवक-जावकवाल्या कारकुनाने विचारलं, पोच कशाला पाहिजे? आम्ही म्हटलं, शिक्का मारा, आणि तारीख नीट दिसू द्या.