२७ ऑक्टोबर आणि बेसमेंटमधले खोके



दिवाळीच्या तयारीत २७ ऑक्टोबर ही तारीख सहज नजरेआड होते. यंदा ती होऊ नये म्हणून हे संपादकीय.

१९३७ साली याच दिवशी उस्ताद अब्दुल करीम खाँ गेले. मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत त्यांच्या छातीत कळ आली. सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले आणि तिथेच त्यांनी देह ठेवला. त्यांना मिरजेला आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले. खाँसाहेबांच्या स्मरणार्थ उरुसात होणाऱ्या संगीतसभेत हजेरी लावणे हा आजही गवयाला मान वाटतो. दुसरी गोष्ट युनेस्कोची. २७ ऑक्टोबर १९८० रोजी चलचित्रे जपण्याविषयीची शिफारस युनेस्कोने संमत केली आणि २००५ साली हाच दिवस जागतिक दृक्‌श्राव्य वारसा दिन म्हणून जाहीर केला. तारखांची ही गाठ योगायोगाने पडलेली आहे, पण सांगली-मिरजेच्या गाण्यावर वाढलेल्या माणसाला तिने जागे करायला हवे.

कारण या गावांचे गाणे जितके मोठे, तितकेच ते मोठ्या प्रमाणात हरवलेले आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली आणि मिरजेत राहून विष्णु दिगंबर पलुस्करांसारखा शिष्य घडवला. बुवा १९२६ साली गेले. त्यांचा आवाज आपल्यापैकी कोणीही ऐकलेला नाही. नागठाण्यात जन्मलेले बालगंधर्व १९०५ साली मिरजेत शकुंतला म्हणून पहिल्यांदा रंगमंचावर उभे राहिले. त्यांची पदे तबकड्यांवर आहेत, पण तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटे मावत. ‘वन्स मोअर’ घेत रात्र संपवणारे नाटक त्यात मावणार कसे? खाँसाहेबांच्या तबकड्या आपण पिढ्यानपिढ्या ऐकतो आहोत. दर्ग्यात बसून त्यांनी केलेली तासन्‌तासांची सेवा मात्र ऐकणाऱ्यांबरोबरच गेली. तेव्हा साधनच नव्हते, त्यामुळे कोणाला दोष देता येत नाही.

पुढच्या काळाचे तसे नाही. १९८२ च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर आला, आणि काही वर्षांतच तालुक्याच्या गावीसुद्धा लग्नाचे शूटिंग करणारे स्टुडिओ उभे राहिले. सांगली, मिरज, सातारा, कराड, वाई या पट्ट्यात लहान-लहान संगीतमंडळे होती, आजही आहेत. महिन्याची बैठक शाळेच्या हॉलमध्ये, देवळाच्या सभामंडपात नाही तर एखाद्या डॉक्टरांच्या माडीवर होई. सतरंज्या, दोन तंबोरे, एक भाड्याचा माइक. वर्षाच्या मोठ्या कार्यक्रमाला मंडळाचे चिटणीस ओळखीच्या स्टुडिओवाल्याला सांगत, “लग्नाची तारीख नसेल तर कॅमेरा घेऊन ये.” तो येई, एका कोपऱ्यात तिकाटणे लावी आणि तीन तासांच्या कॅसेटवर मैफल टिपून घेई. विलंबित ख्याल ऐन रंगात असताना कॅसेट संपे आणि दुसरी घालेपर्यंतच्या दोन-चार आवर्तनांना चित्र नसे. तरीही मैफल पूर्ण लांबीने आणि चित्रासह हाती राहण्याची सोय या गावांना पहिल्यांदाच झाली होती.

आज त्या कॅसेट्स विचारायला जावे तर बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळते : “होत्या, आता कुठे आहेत सांगता येत नाही.” त्या एका रात्रीत गेल्या नाहीत. कोरी कॅसेट महाग, म्हणून मैफलीवर पुढच्या महिन्यात मुंज टिपली गेली. चिटणीस वारले आणि घर आवरताना खोके भंगारात गेले. स्टुडिओ डिजिटल झाला, तेव्हा मूळ कॅसेट्स ठेवायला त्याला जागा उरली नाही. कपाटात राहिलेल्यांना पावसाळ्यातल्या दमटपणाने बुरशी धरली. आणि सांगलीत यावर कृष्णेचा पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४५ फुटांची. गावभागात तळमजल्याच्या घरांतली कपाटेच्या कपाटे बुडाली. १८६९ साली स्थापन झालेल्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तके चिखलात गेली, त्याची बातमी आपण इथे उत्तर अमेरिकेत वाचली आणि मदतही पाठवली. घरोघरच्या कपाटांत अल्बमशेजारी ठेवलेल्या कॅसेट्सची मात्र बातमी झाली नाही.

कोणी म्हणेल, एवढे काय बिघडले? भीमसेनजी, किशोरीताई, कुमारजी यांची ध्वनिमुद्रणे उदंड आहेत, एका सांगलीच्या कॅसेटवाचून काय अडते? मला इथेच थांबून बोलायचे आहे. मोठ्या गवयाचे मुद्रण इतरत्र मिळेल. पण त्याच्या आधी तासभर जो गायला बसला, तो गावातला संगीतशिक्षक, त्याचे मुद्रण दुसरीकडे कुठेही नाही. दिवसा बँकेत नोकरी आणि संध्याकाळी पाहुण्या गवयाला हार्मोनियमची साथ करणारे गृहस्थ, भजनी मंडळातून तबल्यावर आलेला मुलगा, लग्नानंतर जाहीर गाणे सोडलेली आणि त्या एका नवरात्रात देवीपुढे गायलेली बाई, या सगळ्यांचे आयुष्यभराचे गाणे कदाचित त्या एकाच कॅसेटवर होते. ती गेली की त्यांचे गाणे गेले. ज्या गावात ऐकणारे आणि साथ करणारे तयार असतात, तिथेच मोठा गवई खुलतो. त्या तयारीचा पुरावा म्हणजे या लहान मंडळांच्या कॅसेट्स होत्या.

चित्रामुळे काय हाती लागते तेही सांगतो. आपल्या मंडळाच्या एका सभासदांनी मिरजेच्या बैठकीची जुनी कॅसेट अलीकडेच उतरवून घेतली. गायन साधारण प्रतीचे आहे. पण मध्यंतरात पांढरी टोपी घातलेले एक वयस्क गृहस्थ पुढच्या रांगेतून उठतात, तंबोऱ्याशी वाकून घोडीला कान लावतात आणि तारेखालचा जवारीचा दोरा नखाने किंचित सरकवतात. पुन्हा तार छेडतात, पुन्हा सरकवतात. तिसऱ्या वेळी नाद एकदम मोकळा होतो, गायक मान डोलावतात आणि ते गृहस्थ एक शब्द न बोलता जागेवर जाऊन बसतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शिकलगारांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी सुरू केलेल्या त्या कारागिरीचा कान कसा असतो, हे त्या मिनिटभराच्या चित्रात दिसते. ध्वनिफितीत तो भाग कोणीही कापून टाकला असता.

आता आपला संबंध. ऐंशी-नव्वदच्या दशकात आपल्यापैकी अनेक जण इकडे आले. आईवडील भेटीला येताना चकली-चिवड्याबरोबर कॅसेट आणत : भाचीचे लग्न, घरची वास्तुशांत आणि “तुला आवडेल म्हणून” मंडळाच्या वर्धापनदिनाची मैफल. इथे आल्यावर अडचण समजे. भारतातली कॅसेट पाल पद्धतीची, ६२५ रेषांची. उत्तर अमेरिकेतला व्हीसीआर एनटीएससी पद्धतीचा, ५२५ रेषांचा. चित्र वेडेवाकडे धावे किंवा दिसतच नसे. ज्यांनी मल्टिसिस्टिम यंत्र घेतले त्यांनी ती पाहिली. बाकीच्यांनी एकदा लावून बघितली आणि खोक्यात ठेवून दिली. त्या वेळी ही गैरसोय होती. आज तिचा फायदा असा की तिकडच्या प्रती वापरून झिजल्या, पुसल्या गेल्या, पुरात बुडाल्या; इकडची प्रत मात्र जवळजवळ न वाजवलेली, कोरड्या घरात पडून आहे.

हे नुसते स्वप्नरंजन नाही, असे घडलेले आहे. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत पैसे आणि जागा वाचवण्यासाठी आपल्या कितीतरी टेप पुसल्या. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे अनेक भाग त्यात गेले. पण प्रक्षेपणासाठी परदेशी पाठवलेल्या प्रती पुढे सापडत गेल्या. २०१३ साली तर नायजेरियातल्या जॉस शहराच्या केंद्रात सापडलेले नऊ हरवलेले भाग जगापुढे आले. जे भाग आजवर मिळाले नाहीत त्यांचाही आवाज शिल्लक आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो धरून ठेवला होता. एवढ्या मोठ्या संस्थेने गमावलेले घरच्या माणसांनी आणि दूरच्या देशांनी राखले. सांगलीसाठी तो दूरचा देश आपण आहोत.

मात्र वेळ फार थोडा आहे. २०१९ साली युनेस्को आणि ध्वनी-दृश्य संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने इशारा दिला होता की चुंबकीय फिती वाजवणारी यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग संपत चालले आहेत आणि २०२५ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर नक्कल करून घेणे अवघड होईल. ती मुदत आता कोणा पुढच्या पिढीची राहिलेली नाही, ती आपल्यावरच येऊन ठेपली आहे. नवे व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी २०१६ साली थांबली. फितीचे स्वतःचेही वय होते. प्लॅस्टिकच्या पट्टीवर चुंबकीय कण ज्या लेपाने चिकटवलेले असतात, तो लेप हवेतला ओलावा शोषून चिकट होतो. अशी फीत यंत्रात घातली की लेप खरवडून निघतो, आणि त्याबरोबर गाणे निघून जाते.

म्हणून कॅसेट सापडली की पहिली विनंती ही : कृपा करून ती लगेच लावून बघू नका. खिडकीतून आत पाहा. फितीच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी किंवा जाळे दिसले तर ती बुरशी आहे. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा. लेबलाचा आणि पाठीवरच्या अक्षरांचा फोटो काढा. मागच्या कडेची प्लॅस्टिकची छोटी पट्टी शाबूत असेल तर मोडून टाका, म्हणजे चुकून वर काही टिपले जाणार नाही. कॅसेट उभी ठेवा. गरम माळा, गॅरेज आणि ओलसर बेसमेंटमधून काढून घरातल्या खोलीत आणा. भिजलेली असेल तर उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका.

पुढचे काम आपले मंडळ करील. कार्यकारिणीने यंदाच्या अंदाजपत्रकात यासाठी तरतूद केली आहे. पाल आणि एनटीएससी दोन्ही चालवणारे, नीट दुरुस्त केलेले यंत्र आपण घेत आहोत आणि दोन तरुण सभासदांनी उतरवण्याची जबाबदारी उचलली आहे. दर मैफलीच्या तीन प्रती होतील : एक तुमची, एक मंडळाची आणि एक त्या मैफलीच्या गावाची. तिसरीबद्दल तडजोड नाही. ज्या गावाने गाणे दिले, त्या गावातल्या संगीतमंडळाकडे, वाचनालयाकडे किंवा कलाकाराच्या घरी ती पोचलीच पाहिजे.

कॅसेटइतकीच माहिती मोलाची. लेबलावर “मिरज, गाणे” एवढेच असते. तबल्यावर कोण, मागे तंबोऱ्यावर बसलेली मुलगी कोणाची, हॉल कुठला, हे सांगू शकणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्यासमोर चित्रफीत लावून त्यांचे बोलणे टिपायचे, हे दुसरे काम. यात आपल्या बालविकास वर्गातल्या मुलांनी भाग घ्यावा असे आम्हाला मनापासून वाटते. आजोबांशी व्हिडिओ कॉलवर काय बोलायचे हा प्रश्न त्यांना पडतो. इथे विचारण्यासारखे खूप आहे.

एक पथ्य आपण पाळायचे आहे. कॅसेट आपली असली तरी त्यावरचे गाणे कलाकाराचे आहे. भारतीय कायद्याने १९९४ च्या दुरुस्तीपासून कलावंताचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क मान्य केला आहे आणि आज त्याची मुदत ५० वर्षांची आहे. कायदा नसता तरी हे सौजन्य आपण पाळलेच असते. म्हणून उतरवलेली कोणतीही मैफल कलाकाराच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या संमतीशिवाय मंडळ जाहीर करणार नाही. गावी जाणारी प्रत आधी त्यांच्या हाती जाईल. वडिलांचे गाणे ज्यांनी कधी पाहिलेच नाही अशी मुले-नातवंडे सांगलीत आहेत. हा खटाटोप आधी त्यांच्यासाठी आहे.

आपण इथे सभागृहे भरवतो, पाहुण्या कलाकारांचे दौरे आखतो, आणि ते चालू राहिले पाहिजेत. पण १९८४ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशने भरवणाऱ्या या समाजाने आपण जुन्या मैफलींचेही काही देणे लागतो हे मान्य करायला हवे. इथल्या शाळांच्या हॉलमध्ये आणि घरगुती बैठकींत झालेले गाणेही असेच कॅमकॉर्डरच्या कॅसेटवर पडून आहे. ते आज उतरवले नाही तर वीस वर्षांनी आपली मुले आपल्याला तेच विचारतील, जे आपण आज सांगलीला विचारतो आहोत.

तेव्हा २७ ऑक्टोबरच्या आठवड्यात एक संध्याकाळ काढा आणि खोके उघडा. सांगलीचे असो, साताऱ्याचे असो, कोल्हापूर-बेळगावचे असो किंवा इथलेच, ज्यावर गाणे असण्याची शक्यता आहे ते सगळे दिवाळीच्या कार्यक्रमाला घेऊन या. नावनोंदणीच्या टेबलाशेजारी आपले स्वयंसेवक बसलेले असतील. पावती मिळेल आणि कॅसेट परत मिळेल. काही सापडले नाही, तर गावी भावाला, मावशीला, जुन्या शेजाऱ्याला एक फोन करा आणि त्यांचे कपाट उघडायला लावा. एका कॅसेटवर एका माणसाचे सगळे गाणे असू शकते. ते वाचवणे आज आपल्या हातात आहे, आणि आज ते करणे आपले कर्तव्य आहे.



आपला स्नेहांकित,
संपादक