पेनहर्स्टला कुलूप लागले तेव्हा

एखादी संस्था बंद पडली की आपल्याकडे हळहळ व्यक्त होते. अनुदान अडकले, देणगीदार आटले, चालवणारा माणूस गेला, अशी कारणे सांगितली जातात. पण मतिमंदांना सांभाळणारी एक सरकारी संस्था तिथेच राहणाऱ्या मुलीच्या आईने कोर्टात खेचावी आणि शेवटी ती बंद व्हावी, ही गोष्ट आपल्याला चमत्कारिक वाटेल. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ती घडली. संस्थेचे नाव पेनहर्स्ट. ती १९०८ साली सुरू झाली आणि १९८७ च्या डिसेंबरात तिला कुलूप लागले.

अशा माणसांना समाजापासून दूर ठेवावे, त्यातच त्यांचे आणि समाजाचे भले आहे, असा त्या काळचा समज होता. साठच्या दशकात तिथे सुमारे २८०० माणसे कोंबलेली होती. त्यांत मुलेही पुष्कळ. १९६८ मध्ये बिल बाल्डिनी या तरुण वार्ताहराने फिलाडेल्फियाच्या दूरचित्रवाणीवर पाच भागांत तिथली दृश्ये दाखवली, तेव्हा लोक हादरले. तरीही खटला उभा राहायला १९७४ साल उजाडले.

याच संस्थेतल्या निकोलस रोमिओ या तरुणाचा खटला वेगळा चालला. अडीच वर्षांहून कमी काळात त्याला किमान ६३ वेळा इजा झाली होती. काही स्वतःच्या हातून, काही इतरांकडून. इतक्या माणसांवर नजर ठेवायला पुरेसे सेवक नसतील तर दुसरे काय होणार? बांधून ठेवणे आणि गुंगीची औषधे देणे हेच मग तिथले उपचार ठरतात. न्यायमूर्ती रेमंड ब्रॉडरिक यांनी १९७७ मध्ये मुख्य खटल्याचा निकाल दिला. डागडुजी करा, सेवक वाढवा, एवढ्यावर ते थांबले नाहीत. तिथल्या माणसांची सोय त्यांच्या गावाजवळ, लहान घरांत करा, असे त्यांनी सांगितले. राज्य सरकार दोनदा सर्वोच्च न्यायालयात गेले, कायद्याच्या मुद्द्यांवर दोन्ही वेळा त्याची सरशीही झाली. अखेर तडजोड होऊन संस्था रिकामी करण्याचे ठरले.

मला यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पालकांचा विरोध. खटला एका आईने भरला हे खरे, पण बहुसंख्य पालकांना संस्था बंद व्हायला नको होती. त्यांना निर्दय म्हणणे सोपे आहे. डॉक्टरांनीच त्यांना कधीकाळी सांगितले होते की, मूल तिथे ठेवा आणि घरच्या बाकीच्यांकडे बघा. काळजावर दगड ठेवून त्यांनी ते केले. संस्था कशीही असली तरी ती आपल्या मागे उभी राहील, एवढाच त्यांचा आधार होता. आता तीच मोडायची म्हटल्यावर पोटात गोळा येणारच.

या स्थलांतराचा पाच वर्षे पाठपुरावा करणारा अभ्यास १९८५ मध्ये पूर्ण झाला. लहान घरांत गेलेली माणसे स्वतःची कामे अधिक करू लागली होती. बऱ्याच पालकांचे मतही पालटले होते. याचे कारण नुसती मोकळी हवा नव्हे. प्रत्येकासाठी आधी स्वतंत्र आराखडा झाला, त्याच्या चौकशीला एक जबाबदार माणूस नेमला गेला, घर ठरले, मदतनीस ठरले आणि मग माणूस हलवला. थोडक्यात, माणसाबरोबर पैसाही बाहेर पडला.

जिथे तो पडला नाही तिथे काय झाले, तेही अमेरिकेतच दिसले. मनोरुग्णालयांना पर्याय म्हणून गावोगावी केंद्रे उभारण्याच्या कायद्यावर केनेडींनी १९६३ मध्ये सही केली. रुग्णालये भराभर रिकामी झाली, योजलेली सगळी केंद्रे मात्र उभी राहिलीच नाहीत. अनेकांच्या वाट्याला रस्ता आला, नाहीतर तुरुंग. पेनहर्स्टच्या यशातही एक खोट होती. लहान घरे स्वस्त पडली, पण बऱ्याच अंशी तिथल्या मदतनिसांचे पगार कमी होते म्हणून.

आपल्याकडे पेनहर्स्टएवढ्या संस्था नाहीत, म्हणून आपण निवांत राहावे असे नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीच्या वेळची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण. स्त्री संघटनांनी आवाज उठवल्यावर ते थांबले. शस्त्रक्रिया मुलींवर झाली, सोय मात्र व्यवस्थेची पाहिली गेली.

आपल्याकडे बहुतेक अशी मुले घरीच असतात आणि त्यांची संस्था म्हणजे त्यांची आई. तिला पाळी बदलून मिळत नाही, रजाही नाही. ‘आमच्या मागे याचे काय?’ हा तिचा प्रश्न. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने समाजात राहण्याचा हक्क दिला. पण पालक कागदावर सही करतो, रात्री दोन वाजता अंथरूण बदलायला माणूस लागतो. अनाथांची स्थिती आणखी बिकट, कारण वयाच्या अठराव्या वर्षी बालगृह संपते. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर यांनी अशा मुलांना अठरानंतरही जवळ ठेवले आणि त्यासाठी कायदा मागत राहिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वझ्झर हीही संस्थाच, तरी तिला पेनहर्स्टच्या माळेत बसवायला माझी लेखणी धजत नाही. फक्त, अशी माणसे मागणी करून मिळत नाहीत. त्यांच्या भरवशावर धोरण आखता येत नाही.

लहान घरे हवीत, तर ती कुठल्यातरी गल्लीतच असणार. टेक्सासमधल्या क्लिबर्न गावात १९८० च्या सुमारास तेरा जणांसाठी असे घर निघायचे होते. नगरपालिकेने खास परवाना मागितला आणि तो नाकारला. शेजाऱ्यांना भीती वाटते, समोर शाळा आहे, अशी कारणे होती. शिवाय पाचशे वर्षांतून एकदा पूर येईल अशा जागेत ते घर आहे, हेही एक कारण होते! तिथेच वृद्धांचे शुश्रूषागृह किंवा विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढायला असा परवाना लागत नव्हता. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नकार रद्द केला. उद्या आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपुढे दुसऱ्या मजल्यावरच्या ब्लॉकसाठी असा अर्ज आला, तर पुराचे कारण सांगता येणार नाही. पार्किंगचे सांगितले जाईल.