जाखडीचा जवाब परतला, शब्द हरवला

गणपतीत चिपळूण तालुक्यातल्या वाडीवाडीत जाखडी रंगते. मधोमध शाहीर, मृदुंग, झांजा. भोवती पायात घुंगरू बांधलेल्या नाचणाऱ्यांचे रिंगण. मुंबईकर याला ‘बाल्या नाच’ म्हणू लागले ते घरकामाला आलेल्या कोकणी गड्यांच्या कानातल्या बाळीवरून, असे सांगतात. अमेरिकेत १९६० च्या दशकात पोरांनी मोटारीच्या गॅरेजात गिटारी बडवून नवे संगीत उभे केले. आमच्या चाकरमान्यांचे गॅरेज म्हणजे गिरणगावातल्या चाळीची खोली.

शक्तीवाले आणि तुरेवाले यांचा सामना रात्रभर चाले. एकाने टाकलेला सवाल दुसऱ्याने तिथल्या तिथे सोडवायचा, हीच त्यातली खरी गंमत. १९८० नंतर कॅसेट घरोघर पोचली आणि गणित बिघडले. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची. गाणी आटोपशीर हवीत. सवाल राहिला, पण जवाब देणारा समोर उरला नाही. पुढे मृदुंगाच्या जोडीला की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड आले, चित्रपटांच्या चालीही आल्या. त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. लोकांच्या ओठांवरची चाल शाहिरांनी नेहमीच उचलली.

आता मोबाइलवर टिपलेले अख्खे सामने यूट्यूबवर सापडतात. कॅसेटने कापलेला जवाब परत आला, ही लहान गोष्ट नव्हे. पण अनेकदा ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे शब्दच कळत नाहीत, आणि सवालच कळला नाही तर जवाबाला दाद कशाची द्यायची? मंडळांनी ऑक्टोपॅडचा आवाज शाहिराच्या गळ्याखाली ठेवला, तरी पुष्कळ झाले.